बुधवारच्या रात्रीचा खिमा पाव: तासाभरात, रसरशीत आणि पावात नीट बसणारा

खिमा पाव म्हटलं की लोकांना रविवार आठवतो नाहीतर इराण्याचं हॉटेल, पण ऑफिसातून थकून घरी आल्यावर करायला याच्याइतकं सोयीचं मटण दुसरं नाही असं माझं ठाम मत आहे. तुकड्यांचं मटण शिजायला वेळ घेतं, त्याला वाटण लागतं, सोबत भाकरी किंवा भात लागतो, वर रस्सा वेगळा. इथे पाव बेकरीतून येतो, कांदा चिरायचा, लिंबू कापायचं आणि एका कढईत सगळं होतं. आपल्याकडे बऱ्याच घरात बुधवार, शुक्रवार, रविवार हे नॉनव्हेजचे वार, त्यातला बुधवार खिम्याला द्या.

खिम्यात सांभाळायच्या गोष्टी दोनच. भाजताना त्याचं स्वतःचं पाणी पूर्ण आटवायचं, आणि मग आपल्याला हवा तेवढाच ओलावा परत घालायचा. मसाला थोडा इकडेतिकडे झाला तरी चालून जातं, पण पहिली गोष्ट राहिली तर खिमा उकडलेला लागतो आणि दुसरी राहिली तर एकतर पावातून मनगटापर्यंत ओघळतो नाहीतर कोरडा भुगा होऊन ताटात सांडतो. म्हणून खाली या दोन जागांवर जरा जास्त लिहिलंय, बाकीचं भराभर.

खिमा आणताना

चार माणसांना अर्धा किलो खिमा आणि बारा पाव हा हिशोब बरोबर बसतो. खाटकाकडे तयार करून ठेवलेला खिमा घेऊ नका, मांस समोर कापून घ्या आणि मग खिमा करायला सांगा. मांडी किंवा खांद्याचं मांस घ्यायचं, खांदा मला जास्त आवडतो कारण त्यात चरबी बरोब्बर असते. चरबी अजिबात नको असं सांगणारे लोक असतात, पण थोडी चरबी पाहिजेच, तिच्यामुळेच खिमा मऊ राहतो आणि वर तो लालसर तवंग येतो. मशीनमधून फक्त एकदा आणि जाड जाळीतून काढायला सांगा. दोनदा फिरवला की त्याचा लगदा होतो, तो कबाबाला चांगला, पावाला नाही, पावात दाणा जाणवला पाहिजे. खाटीक ओळखीचा असेल आणि दुकानात गर्दी नसेल तर सुरीने बारीक कापून द्यायला सांगा, त्या हातखिम्याची चव वेगळीच लागते, फक्त शिजायला दहा मिनिटं जास्त धरा.

खिमा पटकन खराब होतो हे लक्षात असू द्या. अख्ख्या तुकड्यावर जंतू असले तर वरवर असतात, दळल्यावर ते आतपर्यंत सगळीकडे मिसळतात, म्हणून कच्चा खिमा फ्रीजमध्ये जास्तीत जास्त एक-दोन दिवस, त्यापुढे फ्रीझरच. आणि खिमा कधीही आत गुलाबी ठेवायचा नाही, पूर्ण शिजवायचा.

धुण्याबद्दल सांगायचं तर सगळ्यात चांगलं म्हणजे तुकडे असतानाच धुऊन मग खिमा करून घेणं, काही दुकानदार विचारलं तर करून देतात. ते जमलं नाही आणि न धुता जीवाला पटत नसेल तर बारीक जाळीच्या गाळणीत घालून नळाच्या अगदी बारीक धारेखाली एकदाच धुवा, कुस्करून कुस्करून धुवू नका, चव त्या पाण्याबरोबर जाते. मग गाळणी तशीच पातेल्यावर दहा-पंधरा मिनिटं ठेवून द्या आणि शेवटी पळीने दाबून पाणी काढा. सिंक, ओटा, गाळणी हे सगळं नंतर साबणाने धुवायचं, कच्च्या मांसाचे शिंतोडे उडतात ते दिसत नाहीत.

सामान

मटणाचा खिमा अर्धा किलो. कांदे तीन मध्यम, अगदी बारीक चिरलेले, आणि वर घ्यायला अजून एक. टोमॅटो दोन. आलं-लसूण पेस्ट दीड टेबलस्पून, शक्यतो ताजी, लसूण आल्यापेक्षा जास्त. हिरव्या मिरच्या दोन-तीन. दही दोन टेबलस्पून. हळद अर्धा टीस्पून, काश्मिरी तिखट दीड टीस्पून, आपलं नेहमीचं झणझणीत तिखट अर्धा टीस्पून, धने पूड दोन टीस्पून, जिरे पूड अर्धा, गरम मसाला एक. खडा मसाल्यात एक तमालपत्र, दोन वेलची, तीन लवंगा, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. तेल तीन टेबलस्पून, मीठ साधारण सव्वा टीस्पून. अर्धी वाटी मटार, असले तर. कोथिंबीर, थोडा पुदिना, लिंबू, बटर.

घरात मालवणी मसाला असेल तर तिखट, धने, गरम मसाला यांच्या जागी तोच अडीच-तीन टीस्पून घाला, छान होतो. कांदा-लसूण मसाला वापरणार असाल तर मात्र मिठाला हात आखडता घ्या, त्यात बहुतेक वेळा आधीच मीठ असतं, आणि लसूणही थोडा कमी करा. तयार मटण मसाल्याच्या पुड्या मी खिम्यात वापरत नाही, त्यांचा वास इतका पुढे येतो की मटणाची चव मागे राहते.

कृती

घरी आल्या आल्या पहिलं काम म्हणजे खिम्याला दही, हळद, अर्धं मीठ आणि अर्धी आलं-लसूण पेस्ट लावून बाजूला ठेवा. वेगळा मुरवायचा वेळ धरायची गरज नाही, तुमचा कांदा परतून होईपर्यंत तो मुरतो.

जाड बुडाची रुंद कढई घ्या, पसरट पॅन असेल तर अजून चांगलं. उभट पातेल्यात खिमा थरावर थर बसतो, वाफ बाहेर निघत नाही आणि तो स्वतःच्याच पाण्यात उकळत बसतो. तेल तापलं की खडा मसाला, तो फुलला की कांदा आणि चिमूटभर मीठ. मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं परता. घाई इथे करू नका. कांदा पारदर्शक होणं पुरेसं नाही, कडा तपकिरी होऊन सगळा सोनेरी झाला पाहिजे, कारण पुढे रसाला जो दाटपणा आणि किंचित गोडवा येतो तो या कांद्याचाच असतो, पीठबीठ काही लावायचं नाहीये. अगदीच वेळ नसेल तर कांदा चॉपरमधून काढा, पण मिक्सरमध्ये वाटू नका, वाटलेला कांदा कडवट होतो आणि पाणी सोडतो.

उरलेली आलं-लसूण पेस्ट आणि चिरलेल्या मिरच्या घाला, मिनिटभर परतून कच्चा वास गेला की खिमा. आता गॅस मोठा करा.

इथून पुढची दहा-बारा मिनिटं कढईपाशीच उभं राहायचं. खिमा पडल्या पडल्या त्याचे गोळे होतात, ते लगेच फोडायचे, पावभाजीचा मॅशर यासाठी सगळ्यात उत्तम, लाकडी कालथ्याच्या कडेनेही होतं. दोन मिनिटात लाल रंग जाऊन करडा होतो आणि भरपूर पाणी सुटतं, इतकं की वाटतं झालं आता, रस्सा तयार आहे, झाकण ठेवूया. नाही ठेवायचं. झाकण न ठेवता मोठ्या आचेवर ते सगळं पाणी आटू द्या. कान देऊन ऐका, पाणी असेपर्यंत कढईतून खदखद असा जड आवाज येतो, पाणी संपत आलं की तो हळूहळू बदलून चरचर, तडतड असा होतो, म्हणजे आता खिमा पाण्यात उकळत नाहीये, स्वतःच्या चरबीत भाजला जातोय. वासही बदलतो, मघाचा उग्र वास जाऊन भाजल्या मटणाचा खमंग वास येतो. त्यानंतर अजून तीन-चार मिनिटं, सतत हलवत, तळाला तपकिरी चिकटायला लागेपर्यंत. ते चिकटलेलं जळू द्यायचं नाही पण घाबरून गॅसही बंद करायचा नाही, सगळी चव तिथेच आहे आणि टोमॅटो पडला की ते आपोआप सुटून येतं. पाणी असेपर्यंत कढईतलं तापमान 100 अंशांच्या वर जात नाही आणि मांस तपकिरी होऊन खमंग व्हायला त्यापेक्षा बरंच जास्त तापमान लागतं, म्हणून पाणी आटवल्याशिवाय कितीही मसाला घातलात तरी ती चव येत नाही.

गॅस मंद करून सगळ्या पूड्या घाला, फक्त गरम मसाला अर्धाच, अर्धा शेवटी. अर्धा मिनिट परता, करपतंय वाटलं तर दोन चमचे पाण्याचा हबका. मग बारीक चिरलेला टोमॅटो आणि उरलेलं मीठ. टोमॅटो पूर्ण विरघळून कडेने तेल दिसेपर्यंत परता, पाच-सहा मिनिटं. टोमॅटो दोनच्या वर नको, जास्त झाला की पावभाजीसारखी आंबट-गोड चव येते आणि ती खिम्याची नव्हे.

ओलावा किती ठेवायचा

आता एक ते सव्वा कप गरम पाणी घाला. गरमच, गार पाणी घातलं की उकळी मोडते आणि वेळ वाढतो. उकळी आली की झाकण ठेवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. मधे एकदोनदा हलवा. कुकर वापरायचा असेल तर याच टप्प्यावर, पाणी अर्धा कपच घालून दोन शिट्ट्या, आणि वाफ आपोआप जिरू द्या. सुरुवातीपासून सगळं कुकरमध्ये टाकून शिट्ट्या काढणारेही आहेत, वेळ वाचतो खरा, पण भाजणं झालेलंच नसतं, त्यामुळे मी तो सल्ला देणार नाही. भाजणं कुकरच्या भांड्यातच झाकण न लावता करा आणि मग शिट्ट्या, एवढं केलं तरी काम होतं.

खिमा शिजला की नाही ते एक दाणा दोन बोटात दाबून बघा, सहज चुरला पाहिजे, रबरासारखा लागला तर अजून पाच मिनिटं. मग झाकण काढा आणि रस बघा. कालथा कढईच्या तळातून सरळ ओढा, मागे जी वाट पडते ती लगेच भरून आली तर रस जास्त आहे, अजून आटवा. वाट तशीच कोरडी राहिली तर कमी आहे, पाव कप गरम पाणी घाला. वाट दोन-तीन सेकंद दिसून मग हळूहळू रस आत सरकला की गॅस बंद करायला हरकत नाही. एक लक्षात ठेवा, ताटात येईपर्यंत तो अजून थोडा घट्ट होतो, म्हणून कढईत किंचित सैल ठेवलेला बरा.

रस पातळ आणि खिमा वेगळा असं दिसत असेल तर मॅशरने कढईतला साधारण एक चतुर्थांश खिमा तिथेच दाबून घ्या, बारीक झालेले कण रसाला धरून ठेवतात. टोमॅटो केचप किंवा कॉर्नफ्लॉवर घालू नका, त्याने चकाकी येते पण चव बेकरीच्या पॅटिससारखी होते.

मटार शेवटच्या पाच मिनिटात, फ्रोझन असतील तर तसेच. बटाटा हवा असेल तर एक सेंटीमीटरचे बारीक तुकडे करून आधी पाण्यात अर्धवट उकडून घ्या, टोमॅटोच्या आंबटपणात कच्चा बटाटा लवकर शिजत नाही. शेवटी उरलेला गरम मसाला, मूठभर कोथिंबीर, थोडा पुदिना, अर्ध्या लिंबाचा रस. झाकून पाच मिनिटं तसाच राहू द्या, तेवढ्यात पाव करायचे.

पाव

सकाळी आणलेला पाव रात्रीपर्यंत कोरडा पडतो. बऱ्याच बेकऱ्यांमध्ये संध्याकाळी पुन्हा ताजी लादी निघते, येताना तीच घ्या. गोव्यात तर पोदेर म्हणजे पाववाला संध्याकाळीही सायकलवर फेरी मारतो, तिथल्यांना ही काळजी नाही, आणि तिथल्या उंडो नावाच्या कडक पावात खिमा भरला तर फारच सुंदर लागतो कारण त्याचं बाहेरचं कवच ओलं होत नाही.

लादी पाव मधून कापताना एक बाजू जोडलेली ठेवा. तवा मध्यम गरम, त्यावर बटर, बटरमध्ये कढईतल्या वरच्या लाल तेलाचा एक चमचा, आणि पाव उघडून आतली बाजू त्यावर दाबा. आतली बाजू नीट कुरकुरीत, सोनेरी होऊ द्या. नुसता गरम केलेला पाव खिमा भरल्यावर दोन मिनिटात पिचपिचीत होतो, पण बटर लावून भाजलेल्या बाजूवर एक थर तयार होतो आणि रस लगेच मुरत नाही. बाहेरची बाजू भाजायची नाही, ती मऊच हवी. पाव शिळा असेल तर तव्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडून वर झाकण ठेवा, अर्ध्या मिनिटात मऊ होतो, मग भाजा.

भरताना दोन टेबलस्पून खिमा, त्याहून जास्त नाही. झाऱ्याने घ्या म्हणजे जास्तीचा रस खाली राहील, तो रस वाटीत वेगळा द्या, बुडवून खायला. वर पातळ उभा चिरलेला कांदा, कांद्याला आधी लिंबू आणि मीठ चोळून ठेवलेलं असेल तर त्याचा तिखटपणा मरतो. हिरवी चटणी लावायची तर अगदी पातळ, वरच्या भागाला. लहान मुलांसाठी चीजची एक स्लाइस मधे ठेवा. आणि भरलेले पाव करून ठेवू नका, जेवायला बसल्यावर एकेक भरा, किंवा ताटात खिमा आणि पाव वेगळे वाढा, जसं इराण्याकडे मिळतं. मुंबईत मरीन लाइन्सचं क्यानी 1904 पासून, कुलाब्याचं ऑलिम्पिया 1918 पासून आणि पुण्यात डेक्कनचं गुडलक 1935 पासून चालू आहे, आणि अशा जागांनीच आपल्याला खिमा पावाची सवय लावली. तिथला खिमा नीट बघितला तर त्यात टोमॅटो कमी आणि कांदा जास्त दिसतो, वर तेलाची बारीक कड असते, आणि कच्चा कांदा-लिंबू सोबत असतंच.

चिकन, सोया आणि परदेशात राहणाऱ्यांसाठी

चिकनचा खिमा लवकर होतो, पण त्यात चरबी नसल्यासारखीच असते, म्हणून तेल एक टेबलस्पून वाढवा आणि ब्रेस्टऐवजी मांडीच्या मांसाचा खिमा मागा. पाणी आटवणं तसंच, फक्त भाजणं फार लांबवू नका, कोरडा पडतो. नंतर पाणी पाऊण कप आणि आठ-दहा मिनिटं झाकण, कुकरची गरजच नाही. सोया खिमा गरम पाण्यात भिजवून अगदी घट्ट पिळून घ्या, दोनदा पिळा, मग हाच मसाला.

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये असाल तर सुपरमार्केटमधला लॅम्बचा खिमा आपल्या बोकडाच्या मटणापेक्षा बराच चरबीदार असतो, भाजून झाल्यावर कढई तिरकी करून दोन-तीन चमचे चरबी काढून टाका आणि सुरुवातीचं तेल एकच चमचा घ्या. हलाल दुकानात बोकडाचा खिमा मिळाला तर तोच घ्या. पावासाठी पोटॅटो रोल आपल्या पावाच्या जवळ जातात, हवाईयन रोल गोड असतात, तेच मिळाले तर लिंबू आणि मिरची वाढवा. तिकडे वाढलेल्या मुलांना स्लॉपी जो माहीत असतोच, बीफचा खिमा टोमॅटो सॉसमध्ये शिजवून बनमध्ये भरतात तो प्रकार, त्यामुळे खिमा पाव त्यांना अनोळखी वाटत नाही, तिखट तेवढं निम्मं करा.

उरला तर, आणि आधी करून ठेवायचा तर

जेवण झाल्यावर खिमा ओट्यावर रात्रभर ठेवू नका, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेला पाहिजे, उन्हाळ्यात तर तासाभरातच. फ्रीजमध्ये तीन दिवस छान राहतो आणि दुसऱ्या दिवशी चव मुरल्यामुळे जास्तच चांगला लागतो. गरम करताना थोडं पाणी घालून पूर्ण उकळी येऊ द्या, कोमट करून खाऊ नका.

दुसऱ्या दिवशी थोडाच उरला असेल तर घोटाळा करा. तव्यावर चमचाभर बटर, त्यात खिमा गरम करून रस आटवा, मधे जागा करून दोन अंडी फोडा, मंद आचेवर हलवत राहा आणि अंडं जेमतेम जमलं की लगेच उतरवा. वाटीभर खिम्यात दोन माणसं जेवतात. डब्यासाठी गॅसवरच्या सँडविच टोस्टरमध्ये खिमा टोस्ट करता येतो, फक्त त्यासाठी खिमा अगदी कोरडा करून घ्या आणि थंड झाल्यावर भरा.

आणि ज्यांना बुधवारी तासभरही मिळत नाही त्यांनी रविवारी मटण आणताना एक किलो खिमा जास्त आणावा. खिमा भाजून पाणी आटलं, मसाला पडला, इथपर्यंत करून थांबायचं, टोमॅटो आणि पाणी घालायचं नाही. गार झाल्यावर झिपच्या पिशव्यांमध्ये अर्धा-अर्धा किलोच्या हिशोबाने भरून, दाबून चपट्या करून फ्रीझरमध्ये. चपट्या केल्या की लवकर गोठतात आणि लवकर सुटतात. पाणी नसल्यामुळे बर्फाचे खडे होत नाहीत आणि दाणा तसाच राहतो, दोन-तीन महिने काही होत नाही. पिशवीवर तारीख लिहा. मंगळवारी रात्री झोपताना पिशवी फ्रीझरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवा, बाहेर ओट्यावर नको. बुधवारी आल्यावर टोमॅटो परता, त्यात हा खिमा, गरम पाणी, कुकरला दोन शिट्ट्या, आणि शिट्ट्या होऊन वाफ जिरेपर्यंत खाली जाऊन पाव घेऊन या.